रिबेकाचा स्कार्फ आणि वाचकांचं भांडण

एका कादंबरीतला प्रसंग सांगते. नायिका कर्जात आहे. दुकानात सेल लागलाय आणि तिने एक स्कार्फ हेरून ठेवलाय. पैसे थोडे कमी पडतायत. मग ती एका आजारी मावशीची थाप मारते, ओळखीच्या माणसाकडून २० पौंड उसने घेते आणि स्कार्फ घेऊन येते. वर स्वतःला पटवून देते की ही खरेदी नव्हेच, ही तर गुंतवणूक आहे.

हा प्रसंग वाचून काही वाचक पोट धरून हसतात. काहींना तिच्या दोन कानाखाली द्याव्याशा वाटतात. तिसरा एक गट असतो, तो संख्येने लहान. त्यांना हसूही येत नाही आणि रागही येत नाही, ते पुस्तक मिटून ठेवतात.

पान तेच आणि शब्दही तेच, मग यातलं खरं मत कुणाचं? संशोधनाच्या दारात उभ्या असलेल्या तुम्हा मंडळींना मला आज सांगायचंय ते हेच, की हा प्रश्नच चुकीचा आहे. मी एमएस्सीनंतर विज्ञानाच्या इतिहासाकडे वळले. एखाद्या वागण्याला 'आजार' हे नाव कधी आणि कसं मिळतं, हा माझ्या अभ्यासाचा विषय. बेसुमार खरेदी हे त्यातलं एक प्रकरण. त्या प्रकरणासाठी मी या कादंबरीवरची वाचकांची मतं वाचायला घेतली आणि पहिले काही महिने ती चुकीच्या पद्धतीने वाचत होते. ती चूक तुमच्या हातून होऊ नये म्हणून हा लेख.

आधी पुस्तकाबद्दल

कादंबरीचं नाव 'द सीक्रेट ड्रीमवर्ल्ड ऑफ अ शॉपहॉलिक'. ब्रिटनमध्ये २००० साली आली. अमेरिकेत पुढच्या वर्षी 'कन्फेशन्स ऑफ अ शॉपहॉलिक' या नावाने निघाली आणि जगभर तेच नाव रुळलं. लेखिका सोफी किन्सेला. हे टोपणनाव. तिचं खरं नाव मॅडेलीन विकहॅम. खऱ्या नावाने तिच्या गंभीर वळणाच्या कादंबऱ्या १९९५पासून येतच होत्या. ही विनोदी कादंबरी तिने आपल्याच प्रकाशकाकडे नाव न सांगता पाठवली. पुस्तक स्वतःच्या बळावर उभं राहतंय का, हे तिला बघायचं होतं. किन्सेला म्हणजे आपणच, हे तिने वाचकांना २००३ साली सांगितलं.

अजून एक गोष्ट लक्षात ठेवा. लेखक होण्याआधी ती आर्थिक विषयांची पत्रकार होती. तिची नायिका रिबेका ब्लूमवुडसुद्धा लंडनमध्ये 'सक्सेसफुल सेव्हिंग' नावाच्या मासिकात काम करते. लोकांनी बचत कशी करावी हे ती लिहिते आणि स्वतःच्या बँकेची पत्रं मात्र उघडतही नाही. खर्च कमी करायचा एक प्रयत्न करते, तो फसतो. मग कमाई वाढवायचा प्रयत्न करते, तोही फसतो. शेवटी एका वित्तकंपनीने सामान्य गुंतवणूकदारांना कसं फसवलं हे ती उजेडात आणते, टीव्हीवर पैशांचा सल्ला देणारी म्हणून नाव कमावते आणि कर्जातून सुटते. प्रेमही जुळतं. हलकंफुलकं, सुखान्त, दोन बैठकांत संपणारं पुस्तक.

कादंबरीची मांडणी मात्र मुद्दाम बघण्यासारखी आहे. प्रकरणांच्या मध्ये मध्ये बँकेची पत्रं येतात. सुरुवातच पत्रांनी होते. रिबेका नुकतीच पदवीधर झालीय आणि बँक तिचं अभिनंदन करून तिला आपणहून ओव्हरड्राफ्ट देऊ करतेय. पुढच्या पत्रांत सूर बदलत जातो. तिने दिलेल्या सबबी आपल्याला बँकेच्या उत्तरांतूनच कळतात. कधी पाय मोडलेला असतो, कधी दुसरं काही. म्हणजे कर्जाची गोष्ट रिबेकाच्या हौसेपासून सुरू होत नाही, बँकेच्या आमंत्रणापासून सुरू होते. रिबेकावर चिडणाऱ्या वाचकांच्या मतांत या पहिल्या पत्राचा उल्लेख मला क्वचितच सापडला. वाचक काय म्हणतात याच्याइतकंच ते काय वगळतात हेही टिपून ठेवायचं असतं, ते इथे पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं.

हसू आणि राग पुस्तकापेक्षा जुने

मी सुरुवातीला असं धरून चालले होते की वाचकांची ही मतं म्हणजे या कादंबरीने निर्माण केलेल्या प्रतिक्रिया. पुस्तक आत घातलं की मत बाहेर येतं. विज्ञानातून आलेल्या माणसाला अशी यंत्रासारखी कल्पना पटकन सुचते. पण मागे गेले तर तेच हसू आणि तोच राग शंभर-दीडशे वर्षांपूर्वीही दिसतो. तेव्हा ना रिबेका होती, ना क्रेडिट कार्ड.

१८५७ साली फ्लोबेरची 'मादाम बोव्हारी' पुस्तकरूपात आली. त्या वर्षी तिच्यावर नीतीच्या मुद्द्यावरून खटला चालला, तो गाजला व्यभिचाराच्या वर्णनावरून. पण एमाचा जीव जातो त्याची तात्कालिक वाट कर्जातून जाते. लऱ्ह्यो नावाचा व्यापारी तिला उधारीवर कापडचोपड पुरवत राहतो, कागदांवर सह्या घेत राहतो आणि एके दिवशी जप्ती दारात येते. रिबेकाच्या कादंबरीतला बँक मॅनेजर डेरेक स्मीथ हा त्या मानाने फारच सभ्य माणूस.

१८८३ साली झोलाने एका पॅरिसच्या भव्य दुकानावर कादंबरी लिहिली, 'ओ बोनर दे दाम'. ती लिहिण्याआधी त्याने 'बाँ मार्शे'सारख्या खऱ्या दुकानांत जाऊन टिपणं काढली होती. त्या पुस्तकात मादाम मार्टी नावाची प्राध्यापकाची बायको आहे. तिला दुकानात शिरलं की थांबता येत नाही आणि तिचा नवरा त्यापायी खंगतो. दुसऱ्या एका प्रतिष्ठित बाई लेस चोरताना पकडल्या जातात. झोलाने दोष फक्त बायकांवर टाकलेला नाही. माल कसा मांडायचा, गर्दी कशी फिरवायची, मोह कसा तयार करायचा, याचं दुकानदाराचं शास्त्र त्याने तपशीलवार दाखवलंय.

याच काळात डॉक्टर आणि न्यायालयं या प्रश्नाकडे वळत होती. एखादी श्रीमंत बाई दुकानात चोरी करताना सापडली की तिला 'क्लेप्टोमेनिया' असल्याचं म्हटलं जाई, गरीब बाई सापडली की ती चोर. एलेन एबलसन या इतिहासकार बाईंनी १९८९च्या आपल्या पुस्तकात व्हिक्टोरियन काळातल्या अमेरिकी दुकानांमधल्या अशा मध्यमवर्गीय बायकांचा अभ्यास केलाय. निदान कुणाचं होतं आणि शिक्षा कुणाला होते, हे वर्गावर ठरत होतं.

याच संदर्भातलं आणखी एक प्रकरण आहे, ते मला दरवेळी अस्वस्थ करतं. मेरी टॉड लिंकन, अब्राहम लिंकनची पत्नी. १८६५ साली नवऱ्याची हत्या तिच्या शेजारी बसलेला असताना झाली. चार मुलांपैकी तीन तिच्या डोळ्यांदेखत गेली. मे १८७५ मध्ये शिकागोच्या न्यायालयात तिच्या वेडाची सुनावणी झाली आणि अर्ज होता हयात असलेल्या एकुलत्या एका मुलाचा, रॉबर्टचा. साक्षी द्यायला डॉक्टर होते, हॉटेलातली माणसं होती आणि दुकानदारही होते. तिने काय काय विकत घेतलं हे त्यांनी सांगितलं. ज्युरीने तिला वेडी ठरवलं आणि तिची रवानगी एका खासगी आरोग्यगृहात झाली. साधारण चार महिन्यांत ती तिथून सुटली आणि जून १८७६ मध्ये दुसऱ्या ज्युरीने तिला शहाणी ठरवलं. तिच्या खरेदीची यादी दोन्ही वेळा तीच होती. हिशेबाच्या पावत्या कुणाच्या हातात आहेत आणि त्यांना कोणता प्रश्न विचारला जातोय, यावर निकाल फिरला.

'आजार' हे नाव

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मन मानसोपचारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन याने या वागण्याला 'ओनिओमेनिया' हे नाव वापरलं. ग्रीकमध्ये 'ओनिओस' म्हणजे विकाऊ. त्याच्यानंतर स्वित्झर्लंडच्या ऑयगेन ब्लॉयलरने आपल्या पाठ्यपुस्तकात त्याला जागा दिली. त्याचं वर्णन थोडक्यात असं, की या माणसांना आवर घालता येत नाही, अर्थहीन कर्ज होत जातं आणि फेड पुढे ढकलत ढकलत शेवटी सगळं कोसळतं. हे वाचताना रिबेकाच डोळ्यांपुढे उभी राहते. ब्लॉयलरने हेही नोंदवलं की यात प्रामुख्याने बायकाच असतात.

त्यानंतर कित्येक दशकं या विषयावर फारसं काही झालं नाही. १९८०च्या दशकाच्या शेवटाला तो पुन्हा वर आला, आणि तोही डॉक्टरांइतकाच ग्राहकवर्तनाच्या अभ्यासकांकडून. फेबर आणि ओ'ग्विन या दोघांनी १९९२ साली अशी माणसं ओळखण्यासाठी एक प्रश्नावली छापली. १९९४ साली मॅकेलरॉय आणि सहकाऱ्यांनी २० रुग्णांच्या अभ्यासावरून निदानाचे निकष सुचवले. म्हणजे कादंबरी आली तेव्हा हा आजार असल्याची चर्चा ताजी होती, पण अधिकृत शिक्का नव्हता. तो आजही अर्धामुर्धाच आहे. अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या २०१३च्या निदानपुस्तिकेत त्याला स्वतंत्र जागा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अकराव्या वर्गीकरणात, जे २०२२पासून लागू झालं, तो 'इतर' या गटातलं एक उदाहरण म्हणून येतो.

आता बायकांच्या मुद्द्याकडे परत येऊ, कारण संशोधनपद्धतीचा सगळ्यात मोठा धडा मला इथे मिळाला.

दवाखान्यात येणाऱ्या रुग्णांवरच्या अभ्यासांत बायकांचं प्रमाण कायम फार मोठं दिसत आलं. २००६ साली कोरन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या २,५१३ प्रौढांच्या फोनवरच्या सर्वेक्षणाचे आकडे छापले. त्यात एकूण प्रमाण ५.८ टक्के निघालं. बायकांमध्ये ६ टक्के, पुरुषांमध्ये ५.५ टक्के. म्हणजे जवळपास सारखंच. मग दवाखान्यातले पुरुष गेले कुठे? एक शक्यता अशी, की पुरुषाच्या अशा खरेदीला लोक वेगळं नाव देतात. तो गॅजेटचा 'शौकीन' असतो, त्याचा 'संग्रह' असतो. शौकीन माणूस डॉक्टरकडे कशाला जाईल?

पण घाईने निष्कर्ष काढू नका. २०१६ साली मराझ, ग्रिफिथ्स आणि डेमेट्रोविक्स यांनी १६ देशांतले अभ्यास एकत्र करून पाहिले. त्यात तरुण वय आणि स्त्री असणं यांचा संबंध दिसला. म्हणजे वाद मिटलेला नाही. त्याच लेखातले दुसरे आकडे मी माझ्या टेबलासमोर चिकटवून ठेवलेत. प्रातिनिधिक प्रौढ नमुन्यांत प्रमाण ४.९ टक्के. विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांत ८.३ टक्के. आणि खरेदी करणाऱ्यांमधूनच निवडलेल्या नमुन्यांत १६.२ टक्के. आजार तोच, पण उभं राहून प्रश्न कुठे विचारला, त्यावर आकडा तिप्पट झाला.

वाचकांच्या मतांचंही अगदी असंच आहे. मत नोंदवतो कोण? ज्याला पुस्तक फार आवडलं तो आणि ज्याला फार खटकलं तो. ज्याला ठीकठाक वाटलं तो दुसरं पुस्तक उघडतो. आणि पुस्तक मिटून ठेवणारा तो तिसरा गट? त्यातले बहुतेक जण काहीच लिहीत नाहीत. माझ्या ढिगात दोनच आवाज मोठे ऐकू येत होते, याचा अर्थ वाचक दोनच प्रकारचे आहेत असा होत नव्हता.

४२ पत्रं आणि ४२ बायका

'वाचकांची मतं' हा अभ्यासाचा विषय होऊ शकतो का, असं तुम्हाला कुणी विचारलं तर दोन पुस्तकांची नावं सांगा.

पहिलं इएन आंग यांचं. १९८०च्या सुमारास 'डॅलस' ही अमेरिकी मालिका नेदरलँड्समध्ये तुफान चालत होती. आंग यांनी एका महिला मासिकात छोटीशी जाहिरात दिली, साधारण अशा आशयाची: मला ही मालिका बघायला आवडते पण लोकांच्या प्रतिक्रिया विचित्र येतात, तुम्हाला काय वाटतं ते लिहून कळवा. ४२ पत्रं आली. तेवढ्यावर अख्खं पुस्तक उभं आहे. दुसरं जॅनिस रॅडवे यांचं, १९८४चं. अमेरिकेतल्या एका गावात प्रेमकथांच्या कादंबऱ्या वाचणाऱ्या बायकांचा त्यांनी अभ्यास केला. गावाचं नाव बदलून ठेवलं. त्यातही प्रश्नावली भरून देणाऱ्या बायका ४२च. हा निव्वळ योगायोग, पण 'माझा नमुना लहान आहे' म्हणून रडणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला मी तो ऐकवते.

आंग यांना पत्रांत तीन सूर सापडले: मालिकेचा तिरस्कार करणारे, ती मनापासून आवडणारे आणि 'आम्ही तर तिची टिंगल करायला बघतो' म्हणणारे. पण नुसती अशी वाटणी कुणीही करेल. त्यांनी पुढे जाऊन एक गोष्ट दाखवली. तिरस्कार करणाऱ्यांची वाक्यं तयार असतात. ती समाजाने आधीच घडवून ठेवलेली असतात: थिल्लर आहे, वेळ फुकट जातो, पैशासाठी काढलंय. आवडणाऱ्यांकडे मात्र अशी तयार वाक्यं नसतात. त्यांना आपली आवड समजावून सांगताना अडखळावं लागतं.

ही किल्ली हातात आल्यावर मी माझा ढीग पुन्हा उपसला. आणि दिसलं असं, की रिबेका आवडणाऱ्यांची मतं वारंवार एका माफीने सुरू होतात. हलकं पुस्तक आहे बरं का, डोकं बाजूला ठेवून वाचा, प्रवासाला बरं, वगैरे. मग खरी गोष्ट येते, की कठीण दिवसांत हे वाचलं आणि बरं वाटलं. पहिल्या वेळी मी ही माफी 'गाळ' म्हणून बाजूला काढली होती. पण माफी कुणाकडे मागतायत त्या? २००१ साली ब्रिटनमध्ये बेरिल बेनब्रिज यांच्यासारख्या ज्येष्ठ कादंबरीकार बाईंनी या प्रकारच्या तरुण बायकांच्या विनोदी कादंबऱ्यांना नुसता फेस म्हटलं होतं आणि डोरिस लेसिंग यांनीही नापसंती दाखवली होती. ती चर्चा सामान्य वाचकाच्या कानापर्यंत पोचलेली असते. रिबेका आवडली असं सांगताना वाचक त्या न दिसणाऱ्या परीक्षकाशी बोलत असते.

चिडणाऱ्यांच्या मतांत दुसरा धागा होता. त्यांना राग खरेदीचा कमी आणि सुटकेचा जास्त. हिला शिक्षा कशी झाली नाही? एमा बोव्हारी विष खाते, मादाम मार्टीचा संसार बुडतो, आणि ही बया टीव्हीवर जाऊन बसते! 'अंथरूण पाहून पाय पसरावे' हे ज्यांनी जन्मभर पाळलं, त्यांना हा शेवट अन्याय वाटतो. या रागाला मी आधी 'विनोद न कळणं' असं लेबल लावलं होतं. आता मला वाटतं की तो विनोद त्यांना नीट कळलेला असतो. विनोदी कादंबरी माफ करते आणि त्यांना हे माफ करणंच मंजूर नसतं.

तारीख दोन ठिकाणी लिहायची

पुस्तकाला तारीख असते तशी वाचनालाही असते. हे सगळ्यात स्पष्ट दिसतं ते सिनेमाच्या वेळी. या कादंबरीवरचा चित्रपट फेब्रुवारी २००९ मध्ये आला. गोष्ट लंडनमधून न्यूयॉर्कला हलवलेली, नायिका झाली इस्ला फिशर. पण त्याच्या पाच महिने आधी, सप्टेंबर २००८ मध्ये, लीमन ब्रदर्स बुडालेली होती. लोकांच्या नोकऱ्या आणि घरं जात होती. त्यामुळे अनेक समीक्षकांनी सिनेमापेक्षा त्याच्या वेळेवरच जास्त लिहिलं. २००० साली उधारी ही गंमत होती, २००९ साली तीच बातम्यांची हेडलाइन होती. गोष्टीचा गाभा तोच, पण हसायची परवानगी निघून गेली होती.

माझ्याकडे याचा एक घरगुती पुरावा आहे, तो मांडल्याशिवाय हा लेख अप्रामाणिक होईल. मी ही कादंबरी पहिल्यांदा वाचली ती एमएस्सीच्या हॉस्टेलमध्ये. पानाच्या कडेला पेन्सिलने खुणा केल्या होत्या, बँकेची पत्रं आली की तिथे 'हाहा'. दुसऱ्यांदा वाचली ती पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी, या अभ्यासासाठी. तेव्हा फेलोशिपचे पैसे काही महिने अडकले होते. लॅपटॉपचे हप्ते चालू होते आणि क्रेडिट कार्डावर महिना ढकलत होते. कार्डवाल्यांचे मेसेज आले की मी फोन उलटा करून ठेवायचे. उघडायचेच नाही. रिबेका न उघडलेली पाकिटं लपवते ते पान आलं आणि मला हसू आलं नाही. कडेला माझ्याच अक्षरात 'हाहा' लिहिलेलं होतं.

वाचक तीच, प्रतही तीच, मत उलटं. मी माझ्या ढिगात ही दोन मतं दोन वेगळ्या माणसांची म्हणून टाकली असती तर कुणालाही शंका आली नसती.

हे मी गाईडना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, तू तर लॅबमधून आलीस ना? मग ब्लँक घ्यायचा कसा विसरलीस?" स्पेक्ट्रोफोटोमीटरवर काम केलेल्यांना हे लगेच कळेल. नमुना ठेवण्याआधी नुसत्या द्रावकाचं मोजमाप घ्यायचं असतं, नाहीतर द्रावकाचा रंगसुद्धा नमुन्याच्या नावावर जमा होतो. मी वाचकाच्या परिस्थितीचं मोजमाप न घेता सगळा रंग कादंबरीच्या नावावर टाकत होते. फरक एवढाच, की रसायनशास्त्रात ब्लँक वजा करून टाकतात. इतिहासात तो वजा करायचा नसतो, वेगळा लिहून ठेवायचा असतो. बऱ्याचदा आपल्याला खरं तर तोच हवा असतो.

मी आता काय करते

प्रत्येक मतासाठी चार रकाने करते. पहिल्यात मत, जसं आहे तसं, माफीसकट. दुसऱ्यात ते कधी आणि कोणत्या परिस्थितीत दिलं गेलं, जेवढं कळतं तेवढंच. कळत नसेल तर रकाना रिकामा, अंदाज नाही. तिसऱ्यात मताने काय वगळलं. या कादंबरीपुरतं बोलायचं तर बँकेचं ते पहिलं पत्र. चौथ्या रकान्यात ते मत कोणत्या जुन्या वाक्याशी जुळतं: नीतीचं, आजाराचं, की धनकोला दोष देणारं. रकाने भरून झाल्यावरच मोजणी.

असं केल्यावर माझं प्रकरण बदललं. आधीचा मसुदा म्हणत होता की लोक पूर्वी या वागण्याला दुर्गुण समजत, मग विज्ञान आलं आणि लोक त्याला आजार समजू लागले. सरळ रेषा, वाचायला छान. पण वाचकांच्या मतांत ही रेषा सापडत नाही. तिथे १८७५चा दुकानदार, ब्लॉयलर आणि झोला हे तिघेही एकाच वेळी जिवंत आहेत, कधीकधी एकाच माणसाच्या एकाच परिच्छेदात. 'बिचारीला मदत हवी' आणि 'हिला दोन ठेवून द्या' ही वाक्यं शेजारी शेजारी येतात. नवं नाव आलं म्हणून जुनी नावं जात नाहीत. हा निष्कर्ष आधीच्या मसुद्यापेक्षा कमी देखणा आहे, पण तो माझ्या ढिगातून निघालाय.

पुढच्या सेमिस्टरला प्रपोजल लिहिणार असाल तर एक छोटा सराव करून बघा. घरात सगळ्यांनी वाचलेलं एखादं विनोदी पुस्तक घ्या. तीन वेगवेगळ्या वयांच्या माणसांना एकच विचारा: कुठे हसू आलं आणि कुठे नाही आलं? उत्तर लिहून घेताना त्यांनी ते कधी वाचलं होतं आणि तेव्हा घरात काय चाललं होतं, हेही विचारा. दुसऱ्या प्रश्नाला लोक जास्त वेळ बोलतात, असा माझा अनुभव आहे. वही जवळ ठेवा.

आणि हो, फेलोशिप नंतर जमा झाली, कार्डाची थकबाकी फेडली. पुस्तकाच्या कडेचं ते 'हाहा' मात्र मी खोडलेलं नाही. त्याच्या खाली दुसऱ्या वाचनाची तारीख घातली आहे.